नांगर टाकलेले दिवस

आमच्या बदलापूरला समुद्र नाही. उल्हास नदी आहे, बारवीचे धरण आहे, पावसाळ्यात हिरवेगार होणारे डोंगर आहेत; पण समुद्र म्हणाल तर तो खाडीच्या वाटेने पार वसईला जाऊन भेटणार. तरीही एकदा नौदलाची माणसे रबरी बोटी घेऊन आमच्या वेशीपर्यंत आली होती. २७ जुलै २०१९ची ती सकाळ. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आदल्या रात्रीपासून बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात उभी होती. उल्हासचे पाणी रुळांवरून वाहत होते आणि डब्यांत हजाराहून अधिक माणसे होती. रेल्वेवाले परोपरीने विनवत होते, की कुणीही खाली उतरू नका, गाडीतच बसून राहा. पुढे आपत्ती दलाचे जवान आले, नौदल आले, हेलिकॉप्टर आले, आसपासचे गावकरी धावले आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

घरात बसून दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता. कारण बसून राहण्याची ही परीक्षा मी त्याआधी चौदा वर्षे देऊन बसलो होतो आणि तीत सपशेल नापास झालो होतो.

२६ जुलै २००५चा तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत, तसे आम्ही पलीकडचेही विसरलेलो नाही. बँकेतून निघून मी लोकल पकडली होती. उल्हासनगर आणि अंबरनाथच्या मध्ये गाडी थांबली ती थांबलीच. डब्यात अंधार, बाहेर धो धो पाऊस, घरी बायको एकटी. तीन तास मी कसेबसे काढले आणि मग माझा धीर सुटला. बरोबरचे लोक नको नको म्हणत असताना मी खाली उडी मारली. वालधुनीचे पाणी नेमके कुठून कुठे वाहते आहे हे अंधारात कळेना. कमरेएवढ्या पाण्यात पाय घसरला आणि एका अनोळखी माणसाने शर्टाची कॉलर धरली म्हणून आज हे लिहायला उरलो आहे. गंमत म्हणजे जे डब्यात बसून राहिले ते दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्यांनिशी घरी पोहोचले. मी पोहोचलो तो त्यांच्याही नंतर, चपला हरवून आणि अंगात ताप घेऊन.

त्या काळात मी एका कादंबरीसाठी शिवकालावरचे वाचन करीत होतो. कादंबरी काही पूर्ण झाली नाही. पण आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या एक प्रसंग वाचनात आला आणि तो मनातून गेला नाही. शिवाजी महाराज आयुष्यात एकदाच स्वतः आरमार घेऊन समुद्रावरच्या मोहिमेला गेले होते आणि परतताना वाऱ्याने त्यांना अडवून धरले होते. ज्यांच्या वेगाच्या कथा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, ते महाराज वारा फिरण्याची वाट पाहत थांबले होते. माझ्यासारख्या उडी मारणाऱ्याला ही गोष्ट जरा थांबून वाचावीशी वाटली.

महाराजांचे चरित्र आपण सहसा घोड्याच्या टापांवर ऐकतो. १६३० साली शिवनेरीवर जन्म. मावळच्या डोंगरांत जडणघडण. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध आणि त्याच महिन्याच्या अखेरीस थेट पन्हाळा ताब्यात. १६६३च्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखानाच्या पुण्यातल्या मुक्कामावर रात्रीचा छापा. १६६४च्या जानेवारीत सुरत. शत्रूला बातमी लागेपर्यंत महाराज निघून गेलेले असत. आमच्या गावाच्या नावाचीही अशीच एक आख्यायिका सांगतात. सुरतेच्या वाटेवर महाराजांच्या फौजेचे घोडे इथे बदलले जात, म्हणून हे बदलापूर. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि पुढे निघायचे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात जमिनीवरच्या वेगाचे सगळे रहस्य आहे.

समुद्राचे तसे नसते. घोडा बदलता येतो, वारा बदलता येत नाही.

महाराजांची समुद्राशी गाठ पडली ती आमच्याच नदीच्या काठी, ही गोष्ट इथल्या नव्या पिढीला फारशी ठाऊक नसते. ऑक्टोबर १६५७मध्ये कल्याण आणि भिवंडी त्यांच्या ताब्यात आली. उल्हास नदी सह्याद्रीतून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि तिथून पुढे खाडी होते. वालधुनीही अंबरनाथचे शिवमंदिर आणि उल्हासनगर मागे टाकून कल्याणलाच तिला मिळते. म्हणजे आम्हा तिन्ही गावांचे पाणी ज्या काठाला लागते, त्या काठावर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि त्याच्या आसऱ्याने जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. जवळच्या जंगलात सागवान होते, खाडीत भरती-ओहोटी होती आणि खाडीच्या तोंडाशी वसईला पोर्तुगीज होते.

जहाजे बांधायला पोर्तुगीज कारागीरच नेमले गेले. रुय लैताव व्हियेगस हा त्यांचा म्होरक्या. त्याच्या हाताखाली सुमारे ३४० माणसे होती असे सांगतात. ही जहाजे उद्या आपल्याच उरावर बसतील हे वसईच्या पोर्तुगीजांना उमगले, तेव्हा त्यांनी आतून सूत्रे हलवली आणि व्हियेगस आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. एखाद्या शाखेतले सगळे कर्मचारी एका रात्रीत नाहीसे व्हावेत, तशातला हा प्रकार! पण काम बंद पडले नाही. आरमार वाढत राहिले.

नोव्हेंबर १६६४मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आणि त्यानंतर अवघ्या अडीच-तीन महिन्यांनी, १६६५च्या फेब्रुवारीच्या आरंभी, महाराज स्वतः मालवणहून गलबतावर चढले. बरोबर ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे. निघाले ते कुठे, याचा कुणाला सुगावा नव्हता. पोर्तुगीजांच्या गोव्यावरून आरमार पुढे गेले आणि बेदनूरच्या नायकांच्या राज्यातल्या बसरूर या श्रीमंत बंदरावर जाऊन धडकले. मालवणपासून हे अंतर समुद्रमार्गे सुमारे तीनशे किलोमीटर. वारा पाठीशी होता. जाताना सारे सुरळीत झाले.

अडचण परतताना आली. त्या ऋतूत आपल्या किनाऱ्यावर वायव्येचा वारा वाहतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, त्यावर गलबते थोडीफार उत्तरेकडे सरकतात. दुपारी समुद्रावरचा खारा वारा उठतो आणि नाकासमोर उभा राहतो. एखादे वेळी वायव्येचा जोर इतका होतो, की पहाटेचा मतलई वारा जाणवतच नाही. शिडाचे गलबत वाऱ्याच्या तिरके जाऊ शकते, पण समोरून वादळी वारा आणि लाटा असल्या, तर दिवसभर झगडूनही ते जागच्या जागीच राहते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे, की जोराच्या वाऱ्याने महाराजांची जहाजे किनाऱ्याखाली रेटली गेली, वायव्येच्या वाऱ्याने परतीची वाट बरेच दिवस रोखून धरली आणि महाराजांच्या प्रकृतीलाही समुद्र मानवला नाही.

एवढ्या दोन-तीन ओळी. पण अशा दिवसांत गलबतावर काय चालते, हे मला पुढे एका मालवणी नावाड्याने समजावून सांगितले. बँकेच्या कामासाठी मी मालवणला गेलो होतो. संध्याकाळी सिंधुदुर्ग पाहून येऊ म्हणून धक्क्यावर गेलो, तर वारा उठलेला आणि नावाडी होडी काढायला तयार नाही. मी जास्त पैसे देऊ केले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझीच लाज वाटली. मग बाकावर बसून त्याने मला नांगराचे शास्त्र सांगितले.

नांगर आपल्या वजनाने गलबत धरून ठेवतो, हा आपल्यासारख्या जमिनीवरच्या माणसांचा गैरसमज. नांगर धरतो तो दोरामुळे. पाणी जितके खोल, त्याच्या पाच-सहापट दोर सोडायचा. मग ओढ तळाला आडवी लागते आणि नांगराचा फाळ वाळूत किंवा चिखलात अधिकाधिक रुततो. दोर आखूड असला, की प्रत्येक लाटेबरोबर नाळ वर उचलली जाते, नांगराला वरच्या बाजूला हिसका बसतो आणि तो उपटून येतो. नवख्याला वारा वाढला की दोर आवळावासा वाटतो. जाणता खलाशी आणखी दोर सोडतो. शीड उतरवायचे, डोलकाठीवरचे ओझे कमी करायचे. गलबत आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभे राहते. शेजारच्या गलबताला फिरायला जागा सोडायची. आणि रात्रभर एकाने जागायचे. काठावरच्या दोन खुणा, समजा देवळातला दिवा आणि त्याच्या मागचे झाड, एका रेषेत धरून ठेवायच्या. त्या रेषेतून सरकल्या, की समजायचे नांगर सुटला आहे.

वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे मला त्या बाकावर कळले. नांगर टाकलेल्या गलबतावर पळणाऱ्या गलबताइतकेच काम असते. फक्त ते काठावरून दिसत नाही.

आता महाराजांच्या बाजूने विचार करा. वारा समोरून येतो आहे आणि त्याच दिवसांत उत्तरेकडून मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन येत आहेत. फेब्रुवारीच्या १० तारखेला जयसिंग औरंगाबादला पोहोचला होता आणि ३ मार्चला पुण्यात. औरंगजेबाने आजवर पाठवलेल्या सरदारांत हा सर्वांत सावध आणि सर्वांत जाणता. ज्या दिवसांत एकेक प्रहर मोलाचा, त्या दिवसांत स्वराज्याचा धनी तीनशे किलोमीटर खाली समुद्रात अडकलेला. तिथे किती घालमेल झाली असेल! अशा वेळी हट्टाने शिडे उभारून आरमार वाऱ्यावर घातले असते, तर गलबते एकमेकांवर आदळून किंवा खडकांवर चढून फुटली असती. गोमंतकापासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर खडकांना तोटा नाही.

महाराजांनी काय केले? गोकर्णाला उतरून महाबळेश्वराचे दर्शन घेतले, तीर्थस्नान केले. मग बहुतेक गलबतांना निरोप दिला, नद्या ओलांडण्यापुरती बारा ठेवून घेतली आणि चार हजार पायदळ घेऊन ते जमिनीच्या वाटेने निघाले. अंकोल्यावरून २२ फेब्रुवारीला कारवारपाशी आले. तिथे विजापूरचा सरदार शेरखान येऊन ठेपला होता. शहरावर चालून न जाता त्यांनी खंडणी घेतली. इंग्रजांच्या वखारीलाही त्यातला ११२ पौंडांचा वाटा उचलावा लागला. शेरखानाने आपली होळीची शिकार हुकवली, अशी कुरकूर करीत ते तिथून हलले, असे कारवारच्या इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. कादंबरीकार म्हणून मला या सगळ्यात आमच्या बदलापूरची आख्यायिका दिसते. वारा बदलत नाही म्हणताच महाराजांनी वाहन बदलले. गलबत सोडले आणि पाय धरले. मात्र आधी नांगर टाकून गलबते आणि माणसे शाबूत राखली, म्हणून हे बदलणे शक्य झाले.

पुढे त्यांना याहून कठीण वाऱ्यांत नांगर टाकावे लागले. मार्चअखेर पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. जून १६६५मध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख देऊन महाराजांनी १२ किल्ले राखले. शाळेत हा तह शिकताना माझी मान खाली जाई. आता वाटते, की तो लांब सोडलेला दोर होता. दोर आवळला असता तर नांगरच उपटला असता.

त्यानंतर आग्रा. मे १६६६मध्ये दरबार, अपमान, नजरकैद. ऑगस्टच्या १७ तारखेला सुटका. पेटाऱ्यांची गोष्ट आपण चवीने सांगतो. पण त्याआधीचे तीन महिने आपल्या गोष्टीत येत नाहीत. पहारे बसलेले, पोरगा बरोबर, मुलूख शेकडो कोस दूर. त्या तीन महिन्यांत महाराजांनी आपल्या बरोबरच्या माणसांना परतीची परवानगी मिळवली, आजाराचे निमित्त केले, मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ दिले, पहारेकऱ्यांना त्याची सवय होऊ दिली. काठावरच्या दोन खुणा रोज तपासाव्यात, तसे हे काम होते.

परतल्यावरही त्यांनी लगेच तलवार उपसली नाही. जवळजवळ तीन वर्षे मोगलांशी सलोखा ठेवून मुलखाची घडी बसवली. आणि वारा फिरला तसे १६७०च्या फेब्रुवारीत सिंहगड, मागोमाग पुरंदर आणि पाठोपाठ एकेक किल्ला परत आला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला.

आणि समुद्र? बसरूरनंतर महाराज पुन्हा स्वतः आरमार घेऊन मोहिमेवर गेले नाहीत. मला ही त्यांची माघार वाटत नाही. एखादे काम आपल्याहून दुसऱ्याला चांगले येते हे ओळखणे आणि ते त्याच्या हाती सोपवणे, हे मोठ्या माणसांना फार कमी जमते. नोकरीच्या तीस वर्षांत असे साहेब मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. महाराजांनी दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्यावर समुद्र सोपवला. सिंधुदुर्ग पुरा झाला. जंजिरा हाती लागला नाही, तेव्हा त्याच्यासमोर पद्मदुर्ग उभा राहिला.

१६७९च्या पावसाळ्याअखेर मायनाकाने मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटाचे काम सुरू केले. इंग्रज खवळले, त्यांनी जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला समुद्रात लढाई झाली. आपल्या गलबतांनी इंग्रजांचे एक जहाज पकडले, पण रिव्हेंज नावाच्या मोठ्या जहाजापुढे त्यांना नागोठण्याच्या खाडीत माघार घ्यावी लागली. मात्र रात्री वारा पडला, की इंग्रजांची अवजड जहाजे खिळल्यासारखी उभी राहत आणि आपल्या लहान होड्या वल्ही मारत दाणागोटा घेऊन बेटावर पोहोचत. १६८०च्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठवला. तट उभा राहिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

त्यांच्या हाताखाली घडलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमाराचे वेगळे प्रकरण आहे. वारा अनुकूल नसेल तर उगाच जहाजे झुंजीत घालू नयेत, जलदुर्गाच्या आश्रयाला आणावीत, माणसे वाचवावीत. पावसाळ्याआधी आरमार सुरक्षित बंदरात आणून ठेवावे. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जुलमाने तोडू नयेत, हेही त्यातच आहे. वाचताना मला बसरूरच्या वाटेवरचे ते अडकलेले दिवस आठवतात. ते दिवस फुकट गेले नसावेत.

आज उल्हासच्या उगमाकडच्या लोणावळ्याच्या डोंगरावर नौदलाची आयएनएस शिवाजी ही प्रशिक्षण संस्था आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाने नवे निशाण स्वीकारले. त्यावरचा अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला आहे. आणि ज्या नदीच्या काठी त्यांची पहिली जहाजे बांधली गेली, त्याच नदीच्या पुरात एका सकाळी नौदलाच्या बोटी आमच्या गावाजवळ फिरत होत्या, डब्यांत बसून राहिलेल्या माणसांना आणायला.

निवृत्तीनंतर माझे लोकलने जाणे कमी झाले आहे. तरी पावसाळ्यात कधी तरी गाडी अंबरनाथच्या अलीकडे उभी राहतेच. डब्यात चुळबुळ सुरू होते. एखादा तरुण दाराशी जाऊन खाली वाकतो, पाण्याचा अंदाज घेऊ लागतो. मग मी त्याला माझ्या शेजारी बसवून घेतो आणि बसरूरची गोष्ट सांगायला लागतो. गोष्ट लांबते. गोकर्णापर्यंत येईतो बहुतेक वेळा गाडी हललेली असते. आणि नाहीच हलली, तर आग्रा आहे, खांदेरी आहे. आपल्याकडे दोर पुष्कळ लांब आहे.